चिमीचं दुपटं

९ जानेवारी

नर्सबाई म्हणाल्या, बाळ कधी प्यायलं, कधी झोपलं, कधी रडलं, सगळं लिहून ठेवा. लेक म्हणाली, "आई, तूच लिही. माझा हात चालत नाही." म्हणून औषधाच्या दुकानात फुकट मिळालेली ही डायरी काढली. मला लिहायची सवय नाही, बोलायची मात्र भरपूर. तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

नात दिवस भरायच्या आधीच आली. मूठभर जीव. इतके दिवस काचेच्या पेटीत होती, आज घरी आणली. लेकीचं आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने आनंद करत नाही. जावई बोटीवर नोकरीला. तो फोनवर विचारतो, "कशी आहे?" आणि आम्ही दोघी एका सुरात "छान" म्हणतो. छान कसली, डोंबल! दूध ओठांवरून ओघळून जातं. रडते तेही किणकिण, त्यातही जोर नाही. डॉक्टर म्हणाले वजन धरलं पाहिजे, नाहीतर पुन्हा पेटी. नाव ठरायचंय अजून. मी आपली चिमी म्हणते.

१५ जानेवारी

आजपासून कामावर गेले. रजा संपली आणि घरात बसून चिमीकडे टक लावून बघण्याने तिचं वजन वाढणार नव्हतं.

आमचा झेंड्यांचा कारखाना सरकारी. शाळेवर, कचेरीवर, बोटीवर, देशात जिथे कुठे झेंडा फडकतो तो आमच्याकडून जातो आणि म्हातारा झाला की आमच्याकडेच परत येतो. पुढच्या दालनात नवे शिवतात. मागच्या खोलीत मी जुने उसवते. वर निळा पट्टा, मध्ये पांढरा, खाली विटकरी. तिन्ही सुटे केले की झेंडा संपला, उरलं ते नुसतं कापड. मग निळं एका पोत्यात, पांढरं दुसऱ्यात, विटकरी तिसऱ्यात. भट्टीतसुद्धा तिन्ही रंग एका दिवशी जाळायचे नाहीत. धुरातही त्यांची गाठ पडता कामा नये म्हणे. हा नियम कुणी घातला कुणास ठाऊक.

कटिंग मास्तर माझ्याही आधीपासून इथे आहेत. ते म्हणतात, "झेंडे हजार असोत बाई, झेंडा एकच असतो. त्यातला एक जुना धागा शिल्लक असेल तोवर तो आहे." मास्तरांना असं बोलायची हौस. मी म्हटलं, "तुमचा चहा गार होतोय."

घरी आले तर चिमी रडून लाल. बाजारातलं दुपटं तिला टोचतं. लेकीने आपली जुनी ओढणी गुंडाळून पाहिली, तीही टोचते.

२१ जानेवारी

दुपटं शिवलं.

वर्षानुवर्षं वारा खाल्लेल्या सुती कापडासारखं मऊ दुसरं काही नसतं. उसवताना रोज हाताखालून जातं ते, साय जशी. त्यातले थोडे बरे तुकडे उचलले. चोरी म्हणायची तर म्हणा. इथे सगळेच फडक्याला नेतात. आणि मी काही अख्खा झेंडा नेला नाही. निळा तुकडा कुठल्या शाळेचा, पांढरा कुठल्या कचेरीचा, विटकरी कुठल्या बंदरावरचा. कापडच ते.

शिवून झाल्यावर अंथरून बघते तर काय! वर निळं, मध्ये पांढरं, खाली विटकरी. शिवणही तीच, आमची दुहेरी. आणि डाव्या कडेला दोरी ओवायचा नेफासुद्धा घातलेला. दुपट्याला कधी नेफा असतो का? जित्याची खोड म्हणतात ती ही. लेक हसली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून मी उसवायला घेतलं नाही.

२४ जानेवारी

चमत्कारच म्हणायचा. दुपट्यात गुंडाळली आणि रडणं बंद. काल दिवस मावळला तशी जी झोपली, ती आज सूर्य वर आला तेव्हाच डोळे उघडले. मधे हूं नाही की चूं नाही. लेक घाबरून सारखी नाकाशी बोट धरत होती. सकाळी चिमी अशी प्यायली की बस्स. माझा जीव भांड्यात पडला.

१२ फेब्रुवारी

वजन धरलं! डॉक्टरांनी दोनदा काटा बघितला. "काय करताय तुम्ही?" मी म्हटलं, "आजी आहे घरात, अजून काय पाहिजे?"

रोजचं घड्याळ झालंय तिचं. उजाडलं की डोळे टक्क, मावळलं की मिटले. लेक गाते, थोपटते, सगळं वाया. सूर्य असला तर झोपत नाही आणि नसला तर उठत नाही. वारा सुटला की हातपाय असे झाडते, पायात घुंगरू बांधावेत. आणि एक खोड आहे बाईसाहेबांना. जमिनीवर ठेवलं की किंचाळते. पाट चालतो, खाट चालते, मांडी चालते. सतरंजी घालूनसुद्धा जमीन चालत नाही. महाराणीच ती. लाडावून ठेवलीय असं लेकीला म्हणाले, तर म्हणते, "कोणी गं? तूच!"

२३ फेब्रुवारी

आज सुट्टी. मास्तर म्हणाले, "नातीला घेऊन या, आमच्या आत्याच्या पायावर घाला." मास्तरांची आत्या म्हणजे वय कुणाला सांगता येत नाही अशी. मास्तर स्वतः साठीचे, आणि ते लहान होते तेव्हाही ती म्हातारीच होती. खरी आत्या त्यांच्या वडिलांची, पण घरात सगळ्यांचीच आत्या.

वाटेत चौकातला पुतळा लागला, तो चिमीला दाखवला. शाळेत शिकलोय तेच सांगितलं तिला. तेव्हा झेंड्याला दोनच पट्टे होते, निळा आणि विटकरी. परक्यांनी आपला झेंडा लावायला बंदी केली होती. एक बाई तरीही रोज सकाळी छपरावर झेंडा चढवायची आणि संध्याकाळी उतरवायची. एके दिवशी भर दुपारी शिपाई आले. तिने झटकन झेंडा काढला आणि आपल्या तान्ह्या मुलीभोवती गुंडाळला. शिपायांनी घर उलथंपालथं केलं. एवढा धिंगाणा चालला होता, पण बाळ गाढ झोपलेलं. ते बघून शिपाई ओठावर बोट ठेवून, चवड्यांवर चालत बाहेर गेले. झेंडा वाचला. पुढे आपलं राज्य आलं तेव्हा त्या बाळाच्या आठवणीसाठी मधला पांढरा पट्टा घातला. बाईचं नाव कुणाला माहीत नाही. पुतळ्याखाली नुसतं 'आई' लिहिलंय. धड्याखाली प्रश्न असायचा, 'झेंडा कसा वाचला?' मुलीचं पुढे काय झालं, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही.

आत्याबाई उंच खुर्चीत बसलेल्या, पाय चौरंगावर. मास्तर म्हणाले, "जमिनीला पाय टेकवत नाही ती. पहिल्यापासून." कातडी इतकी पातळ की आरपार उजेड दिसेल. चिमीला मांडीवर घेतलं, दुपट्यावरून हात फिरवला, शिवण बोटांनी चाचपली. मग हळू म्हणाल्या, "मला रोज कुणीतरी उठवतं. अनोळखी माणसं असतात. चांगली आहेत बिचारी."

मी म्हटलं, "हो का?" म्हाताऱ्या माणसांना काय बोलणार?

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला कोण उठवणार?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. लहान बाळाबद्दल असं कसं विचारतं माणूस! "तिची आई आहे, आजी आहे," असं म्हटलं आणि चिमीला उचललं. सूर्य कलला होता. आत्याबाई बोलता बोलता खुर्चीतच पेंगायला लागल्या. इकडे चिमीही माझ्या खांद्यावर निजली. मास्तर म्हणाले, "तिचं असंच असतं. तिन्हीसांज झाली की संपलं."

५ मार्च

देशाचे जुने अध्यक्ष वारले. कारखान्यात कामाची झुंबड, सगळीकडून दोऱ्या, कड्या मागवतायत. सकाळी आमच्या गच्चीवरचा झेंडा चढवताना मी खाली उभी होते. दुखवटा असला तरी झेंडा आधी टोकापर्यंत न्यायचा आणि मग अर्ध्यावर आणायचा. थेट अर्ध्यावर थांबवायचा नाही.

घरी लेक काळजीत. चिमीला सर्दी झाली असावी. सकाळी डोळे उघडले टक्क, आणि मग पापण्या अर्ध्यावर आल्या त्या दिवसभर तशाच. जागीही नाही, झोपलेलीही नाही. बोट दिलं तर धरते, पण लगेच सोडते. ओवा शेकून बांधला.

१३ मार्च

दुखवटा काल संपला. चिमीची सर्दीही बरी झाली. ओव्याचा गुण.

२ एप्रिल

कारखान्यात साहेबांनी सगळ्यांना पुढच्या दालनात गोळा केलं. नवा झेंडा येणार. जुना फार जुना झाला, त्यात युद्ध आहे, रक्त आहे, रडणं आहे, आपल्याला पुढे बघायचंय वगैरे वगैरे. नवा म्हणजे हिरव्या कापडावर पिवळी चांदणी. चांदणीला पाच टोकं, म्हणजे शिवणारणीच्या जिवाला पाच घोर. साहेबांना काय, ते चित्र दाखवून मोकळे.

एक जूनला सकाळी नवा चढणार. एकतीस मेच्या संध्याकाळी जुना शेवटचा उतरणार. तोपर्यंत देशातला एकूण एक जुना झेंडा आमच्याकडे येणार आणि उसवून भट्टीत जाणार. त्यानंतर कुणी लावला तर गुन्हा.

मास्तर म्हणाले, "विटकरी म्हणजे माती, निळं म्हणजे आभाळ, आणि पांढरं म्हणजे मधलं माणूस. चांदणीत माणूस कुठाय?" साहेब म्हणाले, "मास्तर, धडा बदललाय." सगळे हसले. मीही हसले.

९ मे

लिहायला सवड नाही. ट्रकच्या ट्रक येतायत. बोटांना फोड आलेत. माझ्या टेबलापाशी झेंड्यांचा ढीग गुडघ्याच्या वर. उसवताना कधी कधी वाटतं, आवाज येतोय. धागा तुटताना येतो तो नव्हे, दुसराच. श्वास सोडल्यासारखा. मास्तरांना सांगितलं तर त्यांनी मान खाली घातली. कानात कापूस घालून काम करतेय.

चिमी हल्ली लवकर दमते. सकाळी उठते, पण उठायला वेळ लागतो. डॉक्टर म्हणाले दात येत असतील. इतक्या लवकर?

२७ मे

साहेबांनी एकेकाला विचारलं, "घरी काही जुनं नाही ना? तुकडासुद्धा?" मी म्हटलं, "नाही हो." दुपटं म्हणजे झेंडा थोडाच. लेकीने मात्र तोंड पाडलं, म्हणते, देऊन टाक, कशाला नसती भानगड. मी म्हटलं, तिच्या अंगावरचं काढून बघ, मग माझ्याशी बोल. तिने काढलं नाही.

३१ मे

आज माझा फोटो काढला! चौकातला झेंडा म्हणजे देशातला सगळ्यात शेवटचा. बाकी सगळे माझ्याच टेबलावरून गेले. तो उतरवून तिथेच, सगळ्यांसमोर, मी उसवायचा असं ठरलं होतं. पुतळ्यासमोर टेबल मांडलं, बँड होता, सगळे मोठे लोक खुर्च्यांवर. मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

सूर्य मावळताना झेंडा हळूहळू खाली आला. वारा अजिबात नव्हता. मी आधी विटकरी सोडवला, मग निळा. पांढरा हातात उरला. चौकात इतके लोक, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. साहेबांनी तिन्ही तुकडे तीन पेट्यांत घातले आणि टाळ्या वाजल्या. मला का कोण जाणे रडू फुटलं. फोटोवाला म्हणाला, "आजी, इकडे बघा," तर धड बघताही आलं नाही.

मास्तर आले नव्हते. आत्याबाईंना बरं नव्हतं म्हणे.

घरी आले तेव्हा चिमी झोपली होती. अंग जरा गार लागलं. दुपटं नीट गुंडाळलं.

१ जून

चिमी उठत नाहीये. सूर्य केव्हाचा वर आला. नवा झेंडा चढल्याच्या तोफा झाल्या. तळव्याला टिचक्या मारल्या, पाणी शिंपडलं. श्वास आहे, पण चालल्यासारखा वाटत नाही. दवाखान्यात जातोय.

२ जून

दवाखान्यात. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणतात, रक्त चांगलं, हृदय चांगलं, सगळं चांगलं. मी म्हटलं, "मग उठवा की!" ते पुन्हा कागद चाळायला लागले. लेक रडत नाही, हेच मला बघवत नाही. कोपऱ्यात बसून चिमीचा पाय हातात धरलाय तिने. जीव टांगणीला लागला म्हणजे काय ते आज कळलं.

मास्तरांचा फोन आला. आत्याबाई गेल्या. काल सकाळी उठल्याच नाहीत. मास्तर म्हणाले, "चेहरा असा होता की आत्ता डोळे उघडेल. मी जरा थांबू म्हणत होतो, पण लोक म्हणाले, किती वेळ ठेवणार? केलं सगळं." रडत होते. मी त्यांना चिमीचं सांगितलं नाही. म्हातारीचं वय झालं होतं, तिचं सोनं झालं. पण माझं पिल्लू का?

३ जून

दवाखान्यातल्या बाईने दुपटं काढून माझ्या अंगावर टाकलं. "इथे घरचे कपडे चालत नाहीत, मळलंय किती!" मी भांडणार होते, पण अंगात त्राण नव्हतं. घरी आले ती डोकं धुवायला म्हणून. आधी दुपटं धुतलं. रडत रडत धुतलं.

गच्चीवर तारेला चिमटे नव्हते आणि वारा असा की उडून जाईल. मग नेफ्यात सुतळी ओवली आणि अँटेनाच्या नळीला बांधलं. वाऱ्याने ते एकदम उघडलं, फडफडलं, आणि खाली फोन वाजला.

लेक होती. आधी नुसती हुंदके देत होती. मग म्हणाली, "आई, डोळे उघडले! आई, हसतेय माझ्याकडे बघून!" गुडघे विसरून जिना कसा उतरले, रिक्षा कशी मिळाली, काही आठवत नाही. चिमी खरंच जागी होती. दूध पीत होती. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. लोक बघत होते. बघू देत.

दुपारी घरी जाऊन दुपटं घेऊन आले, चिमीला बरं वाटेल म्हणून. पोचले तर लेक पांढरीफटक. "पुन्हा झोपली, आई. मघाशीच. खेळता खेळता." मी पिशवीतल्या दुपट्याकडे बघितलं. लेकीनेही बघितलं.

४ जून

उजाडताना दुपटं नळीला बांधलं आणि तिथेच उभी राहिले. फोन लगेच वाजला. "उठली." संध्याकाळी सोडलं. फोन वाजला. "झोपली."

बास. मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. दुपटं सकाळी वाळत घालायचं, संध्याकाळी काढायचं, एवढं मला कळतं. ओलं दुपटं वाळत घालणं हा कुठल्याही सरकारात गुन्हा नाही.

१६ जून

चिमी घरी आली. कामावर सांगितलं, मला आता फक्त दुपारचं जमेल. साहेब म्हणाले, "उसवायला आता आहे काय?" काढूनच टाकलं. बरं झालं. माझे गुडघे दिवसाला दोनदाच जिना चढतात, त्यात आणखी भर नको.

चिमीने पालथं पडायला सुरुवात केलीय. खाटेवरच. जमिनीचं नाव काढायची सोय नाही.

मास्तर येऊन गेले. गच्चीवर गेले, दुपट्याकडे खूप वेळ बघत उभे होते. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. पण त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. "कधी बांधलंत हे?" मी सांगितलं, तीन तारखेला. "आम्ही आत्याला दोनला..." एवढंच म्हणाले आणि कठडा धरून खाली बसले. मी पाणी आणायला धावले. ऊन बाधलं असणार. या वयात उन्हात टोपी घालायला काय होतं!

८ जुलै

खालच्या मजल्यावरच्या बाईने चुगली केली. ही एक नंबरची कळलावी. दुपारी शिट्टी ऐकू आली, वाकून बघते तर इन्स्पेक्टर जिना चढतोय. सुतळी ढिली झाली होती म्हणून मी गच्चीवर होते. सुतळी सोडली, दुपटं ओढलं, आणि मागच्या जिन्याने घरात. लेक चिमीला खिडकीतला कावळा दाखवत होती आणि चिमी "का, का" करत होती. सुतळी सुटली तशी ती मधेच थांबली असणार. मी पोचले तेव्हा तिची मान लेकीच्या खांद्यावर कलली होती. मी तिला दुपट्यात गुंडाळलं, खाटेवर ठेवलं, आणि दार उघडलं.

"जुना झेंडा लावता म्हणे तुम्ही?" तो दारातूनच ओरडला.

"कसला झेंडा? पोरीचं दुपटं वाळत घालते."

त्याने कपाट उघडलं, गाद्या उलटल्या, डबे आपटले. खुर्ची पाडली. शेवटी खाटेपाशी आला. निळं, पांढरं, विटकरी, सगळं त्याला दिसलं. दिसल्याशिवाय राहील का? मी चिमीच्या अंगावर हात ठेवला. आता माझ्या हाताखाली श्वास होता की नव्हता, मलाच कळेना.

तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "एवढ्या आवाजातसुद्धा उठली नाही?"

"नाही."

"माझा तर पान हललं तरी उठतो," तो म्हणाला. पडलेली खुर्ची त्याने आवाज न करता उचलून ठेवली, बूट वाजू नयेत म्हणून चवड्यांवर चालत दारापर्यंत गेला, आणि दारही हळूच ओढून घेतलं.

मी शाळेत त्या धड्यात पहिली आले होते. ते बाळ का रडलं नाही, हे आज कळलं. आणि ती बाई परक्यांची बंदूक डोक्यावर असताना रोज सकाळी छपरावर का चढायची, तेही. आम्हाला शिकवलं होतं देशासाठी. सरळ साधं होतं की. तिला आपली मुलगी जागी हवी होती.

शिपाई गेल्यावर ती काय करत होती ते धड्यात नाही. मी जिन्याकडे धावले.

१३ जुलै

आता गच्चीऐवजी मागच्या खिडकीला आतून दांडी ठोकलीय. वारा कमी लागतो, पण चालतं. मास्तर म्हणालेच होते, धागा शिल्लक पाहिजे. पांढऱ्याला विरळ जागा पडायला लागल्यात. माझ्या पांढऱ्या साडीचं ठिगळ लावलं, चिमी सकाळी उठेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. उठली.

लेकीला दुहेरी शिवण शिकवतेय. कंटाळते. म्हणते, "तू आहेस ना." काल उठताना मला खाटेचा आधार घ्यावा लागला, सूर्य वर आला होता, आणि जिना नाही तरी ती खिडकी लांब वाटली. म्हणून आज तिला ओरडले. चांगलीच ओरडले. मग दोघी रडलो आणि तिने सुई हातात घेतली.

चिमीलाही शिकवणार आहे. सुई धरता आली की लगेच. ठिगळ लावेल, नेफा शिवेल, सुतळी वळेल, हाताला वळण आहे तिच्या, आत्ताच कळतं. पण आत्याबाईंनी मला जे विचारलं होतं, हिला कोण उठवणार, ते तिला शिकवून सुटणारं नाही. दुपटं चढवायचं तर तिच्या आधी कुणीतरी उठलेलं असायला लागेल, रोज.